खबऱ्याची फाईल कोण वाचणार? डीगन खून आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहाची चौकशी

१२ मार्च १९६५ च्या रात्री बोस्टनला लागून असलेल्या चेल्सी शहरात, एका गल्लीत, एडवर्ड ऊर्फ टेडी डीगन या गुन्हेगाराला गोळ्या घालून मारलं गेलं. त्या रात्री चेल्सी पोलिसांच्या एका कॅप्टनने जवळच उभी असलेली एक गाडी पाहिली होती. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या डोक्याला मधोमध टक्कल होतं, हे त्याच्या लक्षात राहिलं.

खटला उभा राहिला १९६८ मध्ये. सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार होता जोसेफ बार्बोझा. तो भाडोत्री मारेकरी होता आणि डीगनच्या खुनात स्वतः सामील होता. त्याने मागच्या सीटवरचा माणूस म्हणून जोसेफ साल्वातीचं नाव घेतलं. साल्वाती हा बोस्टनमधला साधा कामगार. त्याचा गुन्हा एवढाच की बार्बोझाच्या माणसांकडून घेतलेले ४०० डॉलर त्याने परत केले नव्हते. आणि त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. कॅप्टनने पाहिलेल्या टकलाचं काय करायचं, यावर बार्बोझाने तोड काढली: साल्वातीने त्या रात्री टक्कल दिसेल असा विग घातला होता. ज्यूरीने हे मान्य केलं.

टक्कल असलेला खरा माणूस होता व्हिन्सेंट ऊर्फ जिमी फ्लेमी. त्याचं नाव एफबीआयच्या बोस्टन कार्यालयाला खुनाच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि वॉशिंग्टनच्या मुख्यालयाला खून झाल्यावर आठवड्याभरात. साल्वाती मात्र जवळजवळ तीस वर्षं तुरुंगात राहिला.

या प्रकरणात न्यायालयांनी काय केलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे मुद्दा वेगळा आहे. २००१ ते २००४ या काळात अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने हे प्रकरण हाती घेतलं आणि पोलिसांच्या खबऱ्यांची व्यवस्था आतून कशी चालते हे कागदासह उघडं केलं. लोकप्रतिनिधींनी पोलिसांच्या गुप्त कामावर देखरेख ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुठे अडतं, आणि कशाने सुटतं, हे समजून घ्यायला इतकं तपशिलवार उदाहरण दुसरं मिळणं कठीण आहे.

कागदावर काय होतं

१९६१ मध्ये एफबीआयचे संचालक जे. एडगर हूव्हर यांनी माफियाच्या वरच्या फळीतले खबरी मिळवण्याची खास योजना सुरू केली. गल्लीतला पाकीटमार नको, टोळीच्या बैठकीत बसणारा माणूस हवा, असा तिचा रोख होता. प्रत्येक कार्यालयावर असे खबरी 'उभे करण्याचा' दबाव आला. खबरी मिळवणाऱ्या एजंटला बढती आणि शाबासकी मिळे. टोळीच्या वरच्या फळीत बसणारा माणूस बहुतेक वेळा खुनांतून वर आलेला असतो. त्यामुळे योजनेच्या रचनेतच पुढच्या संकटाचं बीज होतं.

बोस्टन कार्यालयाकडे त्या काळात माहितीचे दोन झरे होते. एक म्हणजे प्रॉव्हिडन्स शहरात न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागाचा, माफिया प्रमुख रेमंड पॅट्रिआर्काच्या कचेरीत लपवलेला मायक्रोफोन. तो १९६२ ते १९६५ चालू होता आणि त्याला न्यायालयाची परवानगी नव्हती. दुसरा झरा जिवंत खबऱ्यांचा. मायक्रोफोनवरून कळलं की जिमी फ्लेमी आणि बार्बोझा पॅट्रिआर्काकडे येऊन डीगनला मारायची परवानगी मागत आहेत. १० मार्चला एका खबऱ्याने एजंट एच. पॉल रिको यांना सांगितलं की डीगनला उडवायचा हुकूम निघाला आहे, रंगीत तालीमसुद्धा झाली आहे आणि डीगनचाच एक जवळचा साथीदार त्याला जाळ्यात आणणार आहे. दोन दिवसांनी डीगन मेला. त्याला सावध केल्याची नोंद नाही. १३ मार्चला त्याच वाटेने मारेकऱ्यांची नावं आली. १९ मार्चला बोस्टनहून हूव्हर यांच्या नावे मेमो गेला. त्यात बार्बोझा होता, जिमी फ्लेमी होता. साल्वाती, पीटर लिमोन, लुई ग्रेको, हेन्री टॅमेलिओ या चौघांची नावं त्यात नव्हती. पुढे शिक्षा झाल्या त्यांत हे चौघे होते.

जिमी फ्लेमीला खबरी म्हणून घेण्याची प्रक्रिया याच आठवड्यात चालू होती. खबरी म्हणून त्याची नेमणूक १२ मार्चची आहे, म्हणजे खुनाच्याच दिवसाची. त्याच्याविषयी आधीच्या नोंदीत लिहिलेलं होतं की त्याला या भागातला सर्वोत्तम मारेकरी म्हणून ओळखलं जायचं आहे. जून १९६५ च्या मेमोत तर स्पष्ट शब्दांत आहे की तो पुढेही खून करत राहणार असं दिसतं, तरी त्याच्याकडून होणारा फायदा जोखमीपेक्षा मोठा आहे. हा मेमो मुख्यालयात गेला. तिथून कोणी नाही म्हटलं नाही. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका गोळीबाराच्या प्रकरणात आरोप झाल्यावर त्याचं नाव यादीतून काढलं गेलं. पण पुढे त्याचा भाऊ स्टीव्हन फ्लेमी खबरी झाला आणि तो सुमारे पंचवीस वर्षं कामी येणार होता.

१९६७ मध्ये बार्बोझा तुरुंगात असताना रिको आणि त्यांचे सहकारी डेनिस काँडन यांनी त्याला साक्षीला तयार केलं. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं की जिमी फ्लेमीला विजेच्या खुर्चीवर बसवेल असं काही तो बोलणार नाही. एजंटांनी हेही लिहून ठेवलं. म्हणजे साक्षीदार एकाला वाचवण्यासाठी खोटं बोलणार याची खूण साक्षीच्या आधीच फाईलमध्ये होती. ३१ जुलै १९६८ रोजी सहा जण दोषी ठरले. लिमोन, ग्रेको आणि टॅमेलिओ यांना मृत्युदंड, साल्वातीला जन्मठेप. मृत्युदंड नंतर रद्द होऊन जन्मठेप झाली, एवढंच त्यांचं नशीब.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कायदा त्या वेळी अपुरा नव्हता. १९५७ च्या रोव्हिआरो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की खबऱ्याची ओळख लपवण्याचा सरकारचा हक्क आरोपीच्या बचावाआड येत असेल तर त्याला मागे सरावं लागेल. १९६३ च्या ब्रेडी खटल्याने आरोपीच्या बाजूचा पुरावा त्याला देणं सरकार पक्षाला बंधनकारक केलं होतं. पण खटला मॅसॅच्युसेट्स राज्याचा आणि कागद केंद्राच्या एफबीआयचे. बचावाच्या वकिलाने मागायचं तरी काय? त्या कागदाचं अस्तित्वच त्याला ठाऊक नव्हतं. शिवाय छुप्या मायक्रोफोनची माहिती फाईलमध्ये माणसाने दिलेल्या खबरीसारखी लिहायची पद्धत होती, त्यामुळे आतला माणूससुद्धा चटकन ओळखू शकत नसे की मूळ काय आहे.

कागद बाहेर कसे आले

कागद बाहेर आले ते दुसऱ्याच वाटेने. दक्षिण बोस्टनच्या जेम्स ऊर्फ व्हाइटी बल्जरला एजंट जॉन कॉनोली यांनी १९७५ मध्ये खबरी केलं. तो आणि स्टीव्हन फ्लेमी जोडीने टोळी चालवत होते, आणि एफबीआय त्यांना इतर तपास यंत्रणांपासून वाचवत होती. डिसेंबर १९९४ मध्ये अटकेची कुणकुण लागताच बल्जर फरारी झाला. खटल्यात स्टीव्हन फ्लेमीच्या वकिलांनी सांगितलं की आमचा अशील एफबीआयचा खबरी होता आणि त्याला अभय दिलेलं होतं. न्यायाधीश मार्क वुल्फ यांनी १९९८ मध्ये प्रदीर्घ सुनावणी घेतली आणि १९९९ मध्ये ६६१ पानांचा निकाल दिला. त्या धक्क्यातून जॉन डरहॅम यांच्या नेतृत्वाखाली न्यायखात्याचं विशेष पथक बसलं, आणि डिसेंबर २००० मध्ये त्या पथकाला बोस्टनच्या जुन्या फायलींत १९६५ चे हे मेमो सापडले. जानेवारी २००१ मध्ये लिमोन सुटला. त्याची आणि साल्वातीची शिक्षा रद्द झाली. साल्वाती १९९७ मध्ये शिक्षेत सूट मिळून बाहेर आलेला होता. टॅमेलिओ १९८५ मध्ये आणि ग्रेको १९९५ मध्ये तुरुंगातच वारले होते.

साल्वातीचे वकील व्हिक्टर गॅरो यांनी पंचवीसहून अधिक वर्षं एक पैसा न घेता हे प्रकरण लढवलं. पण निर्णायक कागद शेवटी सरकारच्याच कपाटातून आला. बाहेरचा माणूस कितीही चिकाटीचा असला, तरी कुठल्या कपाटात काय आहे हे ठाऊक नसेल तर त्याला दार ठोठावता येत नाही. विधिमंडळाच्या चौकशीचं मोल इथेच कळतं, कारण कपाट उघडायला लावण्याचा अधिकार तिच्याकडे असतो.

समितीचे अधिकार आणि पहिली सुनावणी

प्रतिनिधिगृहाच्या गव्हर्न्मेंट रिफॉर्म समितीने २००१ च्या सुरुवातीला हे प्रकरण घेतलं. अध्यक्ष होते इंडियानाचे डॅन बर्टन. या समितीची निवड योगायोगाची नव्हती. सभागृहाच्या नियमांनुसार तिला सरकारच्या कोणत्याही कारभाराची, कधीही चौकशी करता येते. विषय दुसऱ्या समितीच्या कक्षेत असला तरी. त्या काळात समितीच्या अध्यक्षाला एकट्याच्या सहीने समन्स काढता येत असे. न्यायव्यवहार समितीकडे एफबीआयचं खातं होतं खरं, पण रोजचे संबंध असलेली समिती अशा वेळी सहसा हात आखडता घेते. अंदाजपत्रक, नेमणुका, कायद्यांचे मसुदे यांसाठी तिला त्याच खात्याशी पुन्हा बसावं लागतं.

३ मे २००१ ची पहिली सुनावणी समितीने मोठ्या विचाराने रचली. आधी साल्वाती, त्याची पत्नी मरी आणि वकील गॅरो. मग निवृत्त एजंट रिको. कनेक्टिकटचे सदस्य ख्रिस्तोफर शेज यांनी रिको यांना विचारलं की निरपराध माणूस तीस वर्षं आत राहिला याचं तुम्हाला काही वाटतं का. रिको यांनी उलट विचारलं की तुम्हाला काय हवंय, अश्रू? हे वाक्य दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत गेलं आणि चौकशीला जनतेचं बळ मिळालं. सुनावणीचा खरा लाभ मात्र वेगळा होता. रिको शपथेवर बोलले. त्यांनी कोणता मेमो पाहिला होता, कोणता लिहिला होता, कोणाला दाखवला होता, याची उत्तरं नोंदीत आली, आणि पुढची प्रत्येक मागणी त्या उत्तरांच्या खुंटीला टांगता आली. अमुक तारखेचा, अमुक विषयाचा मेमो द्या, असं समिती आता म्हणू शकत होती. 'संबंधित सर्व कागदपत्रं द्या' अशी मागणी कोणत्याही खात्याला बुडवायला सोपी असते.

विशेषाधिकाराची लढाई

समितीला आता एफबीआयच्या फायलींच्या पुढे जायचं होतं. एजंटांना काय ठाऊक होतं हे कळलं. सरकारी वकिलांना काय ठाऊक होतं? ते कळण्याचा मार्ग म्हणजे खटला भरायचा की नाही याविषयी त्यांनी वरिष्ठांना लिहिलेले मेमो. सप्टेंबर २००१ मध्ये समितीने त्यांसाठी समन्स काढलं. १२ डिसेंबर २००१ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी न्यायखात्याचे प्रमुख, अॅटर्नी जनरल जॉन अॅशक्रॉफ्ट यांना लेखी आदेश दिला की हे मेमो देऊ नका, मी कार्यकारी विशेषाधिकार, म्हणजे काँग्रेसला कागद नाकारण्याचा अध्यक्षाचा हक्क, वापरतो आहे. बुश यांच्या कारकिर्दीतला त्या अधिकाराचा हा पहिला वापर. कारण असं दिलं की असे मेमो बाहेर जाणार म्हटल्यावर वकील मोकळेपणाने मत लिहिणार नाहीत.

या युक्तिवादात तथ्य आहे, ते नाकारायला नको. चालू तपासात वकिलाने उद्या समितीत वाचलं जाईल या भीतीने लिहिलं, तर नुकसान होतं. पण हे मेमो तीस-पस्तीस वर्षं जुने होते, त्यातली प्रकरणं संपलेली होती, आणि ज्या माणसाला वाचवायचं होतं तो जिमी फ्लेमी १९७९ मध्येच मेलेला होता. समितीने इतिहास पुढे ठेवला: १९२० च्या दशकातल्या टीपॉट डोम घोटाळ्यापासून काँग्रेसने न्यायखात्याचे असे कागद मागितले आहेत आणि ते मिळाले आहेत. दोन्ही पक्षांचे सदस्य बर्टन यांच्या बाजूने बोलले. रिपब्लिकन अध्यक्षाचा आदेश, आणि त्याला विरोध करणारा समिती अध्यक्षही रिपब्लिकन. अशी लढाई पक्षाच्या रेषेवर गेली की ती हरलीच म्हणून समजावं. इथे ती गेली नाही.

तरी समितीकडून एक चूक झाली. त्याच समन्समध्ये बर्टन यांनी क्लिंटन काळातल्या निवडणूक निधीच्या प्रकरणाचे मेमोही मागितले होते. त्याने न्यायखात्याला सोयीस्कर ढाल मिळाली: हे राजकारण आहे असं म्हणायला जागा मिळाली, आणि बोस्टनच्या जुन्या मेमोंचा प्रश्न ताज्या, वादग्रस्त मेमोंच्या प्रश्नात मिसळून गेला. कागद मागताना एका समन्समध्ये एकच विषय ठेवावा, हा धडा यातून घेण्यासारखा आहे. बोस्टनचं समन्स वेगळं असतं तर खात्याला नकाराचं समर्थन करणं कितीतरी जड गेलं असतं.

पुढे २००२ च्या सुरुवातीच्या सुनावण्यांनंतर न्यायखातं नरमलं आणि बोस्टनशी संबंधित मेमो समितीला पाहायला मिळाले. समितीला आता बार्बोझाच्या साक्षीची तयारी, तिच्यामागचा उत्साह आणि तिच्यानंतरचं संरक्षण एका सलग रेषेत मांडता आलं. संरक्षण म्हणजे काय, तर बार्बोझाला नवं नाव देऊन कॅलिफोर्नियात पाठवलं गेलं. तिथे १९७० मध्ये त्याने आणखी एक खून केला. आणि १९७१ च्या त्या खटल्यात रिको, काँडन आणि एक केंद्रीय सरकारी वकील बोस्टनहून जाऊन त्याच्या बाजूने साक्ष देऊन आले. खुनी खबऱ्याला वाचवणं हा एका भरकटलेल्या एजंटचा उद्योग नव्हता, हे त्या प्रवासावरून कळतं. कोणीतरी रजा मंजूर केली असणार, कोणीतरी भाडं दिलं असणार.

साक्षीदाराचं अभय

समितीला एका साक्षीदाराकडून उत्तरं हवी होती आणि तो बोलत नव्हता. विल्यम बल्जर हे फरारी व्हाइटीचे धाकटे भाऊ, मॅसॅच्युसेट्स सिनेटचे माजी अध्यक्ष आणि त्या वेळी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे अध्यक्ष. ६ डिसेंबर २००२ च्या बोस्टनमधल्या सुनावणीत त्यांनी स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर द्यायला नकार दिला.

अशा वेळी समितीपुढचा मार्ग कायद्यात ठरलेला आहे. समितीच्या एकूण सदस्यांपैकी दोनतृतीयांश सदस्यांनी अभय द्यायचा ठराव करावा लागतो, अॅटर्नी जनरलला किमान दहा दिवस आधी कळवावं लागतं, आणि मग केंद्रीय न्यायालयाकडून आदेश घ्यावा लागतो. न्यायालय आदेश नाकारू शकत नाही. अॅटर्नी जनरलने विनंती केली तर काही दिवस थांबवू शकतं. मिळतं ते अभय मर्यादित असतं. साक्षीदाराचे शब्द त्याच्याविरुद्ध वापरता येत नाहीत, पण खोटी साक्ष दिली तर खटला भरता येतो. याची किंमतही मोठी आहे, कारण पुढे फौजदारी खटला भरायचा तर सगळा पुरावा या साक्षीपासून स्वतंत्रपणे मिळवला होता हे सरकारी वकिलाला सिद्ध करावं लागतं. म्हणून अभय कोणाला आणि कधी द्यायचं याचा निर्णय घाईचा नसावा.

१९ जून २००३ ला विल्यम बल्जर बोलले. १९९५ मध्ये फरारी भावाचा एक फोन आपण दुसऱ्याच्या घरी जाऊन घेतला हे त्यांनी सांगितलं. खबऱ्यांच्या व्यवस्थेविषयी नवीन म्हणावं असं फारसं काही निघालं नाही. दोन महिन्यांत त्यांनी विद्यापीठाचं पद सोडलं. माध्यमांनी हाच दिवस सर्वांत मोठा केला. चौकशीच्या दृष्टीने पाहिलं तर तो दुय्यम दिवस होता. डिसेंबर २००१ चा कागदांवरचा वाद त्याच्या कितीतरी पट महत्त्वाचा होता.

अहवाल काय म्हणाला, त्यानंतर काय झालं

२००३ मध्ये व्हर्जिनियाचे टॉम डेव्हिस समितीचे अध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये समितीने अहवाल मंजूर केला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तो सभागृहापुढे आला, क्रमांक १०८-४१४. त्याचा निष्कर्ष असा: १९६५ पासून बोस्टनमध्ये केंद्रीय यंत्रणेने खुनी माणसांना खबरी म्हणून वापरलं, त्यांना कायद्यापासून वाचवलं, आणि हे केंद्रीय पोलिसी इतिहासातल्या सर्वांत मोठ्या अपयशांपैकी एक आहे. कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या चुकांवर अहवाल थांबत नाही. मेमो हूव्हर यांच्या कार्यालयापर्यंत गेले होते, हे त्यात तारखांसह आहे.

समितीला कोणाला शिक्षा देता येत नाही, पैसे देता येत नाहीत. ते काम न्यायालयात झालं. कॉनोली २००२ मध्ये केंद्रीय न्यायालयात आणि २००८ मध्ये फ्लोरिडात दोषी ठरले. रिको यांना ऑक्टोबर २००३ मध्ये टल्सा इथल्या एका उद्योगपतीच्या १९८१ च्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. खटल्याआधीच जानेवारी २००४ मध्ये ते वारले. चार निरपराधांच्या दाव्यात न्यायाधीश नॅन्सी गर्टनर यांनी २६ जुलै २००७ रोजी १० कोटी १७ लाख डॉलरची भरपाई ठरवली. तुरुंगातल्या प्रत्येक वर्षाला सुमारे १० लाख डॉलर असा हिशेब होता. २००९ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला.

आता नियमांकडे. अॅटर्नी जनरलची खबऱ्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं १९७६ पासून आहेत. बल्जर प्रकरणानंतर जानेवारी २००१ मध्ये ती नव्याने लिहिली गेली आणि मे २००२ मध्ये त्यांत फेरफार झाले. त्या रूपात कागदावर ती बरीच कडक होती. खबरी घेण्याआधी त्याची पार्श्वभूमी, गुन्हे, हेतू यांचा लेखी पात्रता अहवाल हवा. त्याला अभयाचं आश्वासन दिलेलं नाही हे दुसऱ्या एजंटसमोर वाचून दाखवायचं आणि नोंद ठेवायची. त्याच्याकडून एखादं बेकायदा काम करवून घ्यायचं असेल तर लेखी परवानगी आधी घ्यायची, ती जास्तीत जास्त ९० दिवसांची. गंभीर गुन्ह्यांसाठी कार्यालय प्रमुखाबरोबर सरकारी वकिलाचीही सही लागे. हिंसेत भाग घ्यायला परवानगी देताच येत नसे. परवानगीबाहेर गुन्हा केला तर सरकारी वकिलाला कळवायचं. सहा वर्षांहून जास्त काळ काम करणाऱ्या खबऱ्याची फाईल मुख्यालय आणि सरकारी वकील यांच्या संयुक्त समितीपुढे ठेवायची. बल्जर आणि स्टीव्हन फ्लेमी यांना हे नियम खरोखर लावले गेले असते तर दोघेही पहिल्याच फेरीत गळाले असते.

नियम पाळले जातात का, हे कळायला फाईल उघडून पाहावी लागते. न्यायखात्याच्या कारभारावर स्वतंत्र नजर ठेवणारे इन्स्पेक्टर जनरल ग्लेन फाइन यांनी ते केलं. सप्टेंबर २००५ च्या त्यांच्या अहवालात बारा कार्यालयांतल्या १२० खबऱ्यांच्या फायली तपासलेल्या आहेत. त्यातल्या ८७ टक्के फायलींत एक किंवा अधिक नियम मोडलेले सापडले. पात्रता अहवाल अपुरा, सूचना वाचल्याची नोंद नाही, गुन्ह्याची परवानगी काम झाल्यावर घेतलेली, परवानगीबाहेरचा गुन्हा कळवलेलाच नाही, खबऱ्याला कमी केल्याचे कागद नाहीत. यामागे दरवेळी दुष्टपणा असतो असं नाही. एजंटकडे वेळ नसतो, फॉर्म किचकट असतो, आणि खबरी महत्त्वाचा आहे म्हटल्यावर कागद नंतर पुरा करू अशी सवय लागते. पण बोस्टनमध्ये सगळं बिघडलं ते याच सवयीतून. एकाच एजंटच्या डोक्यात आणि त्याच्या खाजगी ओळखीत खबरी राहिला की फाईल नंतर सोयीप्रमाणे लिहिली जाते. दोन जणांनी खबरी सांभाळायचा आणि काही वर्षांनी एजंट बदलायचा, एवढी साधी शिस्तसुद्धा बल्जरच्या बाबतीत टिकली नव्हती. १९७५ पासून कॉनोली निवृत्त होईपर्यंत सूत्रं त्यांच्याच हाती होती.

नुसत्या आकड्यातून किती कमी कळतं, याचा नमुना २०१३ मध्ये दिसला. माहिती अधिकाराखाली मिळालेल्या एफबीआयच्या पत्रानुसार २०११ या एका वर्षात खबऱ्यांना गुन्हे करायची परवानगी किमान ५,६५८ वेळा दिली गेली. दिवसाला सरासरी पंधरा. कोणते गुन्हे, कुठे, किती गंभीर, ते पत्रात नाही. असा आकडा वाचून सदस्य चकित होतात आणि पुढे काहीच विचारू शकत नाहीत, कारण पकडायला काही नसतं.

याउलट पैशाचा तपशील हाती आला की प्रश्न धारदार होतात. अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या खबऱ्यांवरचा इन्स्पेक्टर जनरलचा अहवाल सप्टेंबर २०१६ मध्ये आला. ऑक्टोबर २०१० ते सप्टेंबर २०१५ या पाच वर्षांत १८,००० हून अधिक खबरी कामावर होते आणि त्यातल्या ९,००० हून अधिक जणांना मिळून सुमारे २३ कोटी ७० लाख डॉलर दिले गेले. त्याआधी २०१४ मध्ये समोर आलेली एक नोंद अशी की अॅमट्रॅक रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याला वीस वर्षांत ८,५४,४६० डॉलर दिले गेले, प्रवाशांच्या आरक्षणाच्या माहितीसाठी. तीच माहिती रेल्वेचे पोलीस यंत्रणेला फुकट देऊ शकत होते. ३० नोव्हेंबर २०१६ च्या प्रतिनिधिगृहाच्या सुनावणीत अधिकाऱ्यांना याची उत्तरं द्यावी लागली. एक खबरी, एक रक्कम, एक कारण: इतकं ठोस समोर असेल तेव्हाच खात्याचा प्रतिनिधी 'धोरणाचा आढावा चालू आहे' या वाक्यामागे लपू शकत नाही.

मुंबईपर्यंत आलेला धागा

डेव्हिड कोलमन हेडली याचं नाव मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याआधी त्याने ताजमहाल हॉटेल, सीएसटी, नरिमन हाउस अशा ठिकाणांची टेहळणी केली होती. हेरॉइनच्या प्रकरणात १९९७ मध्ये पकडला गेल्यावर तो याच अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा खबरी झाला होता. जानेवारी २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली. गुन्हा कबूल करून सहकार्य करण्याच्या करारात त्याला भारताच्या हवाली करायचं नाही अशी अट होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयापुढे माफीचा साक्षीदार म्हणून अमेरिकेतून व्हिडिओवर साक्ष दिली.

डीगन प्रकरणाला जशी समिती लाभली, तशी हेडलीच्या खबरी म्हणून असलेल्या फाईलला लाभली नाही. तो पाकिस्तानात जाऊन-येऊन होता त्या वर्षांत त्याला कोण सांभाळत होतं, त्याच्याविरुद्ध आलेल्या इशाऱ्यांवर काय शेरा मारला गेला, खबरी म्हणून त्याला कमी केल्याचा कागद कोणत्या तारखेचा आहे: हे सगळे प्रश्न १६६ माणसं मेलेल्या शहराचे आहेत, आणि ते नेमके तेच आहेत जे बर्टन यांच्या समितीने चेल्सीच्या एका खुनाबद्दल विचारले होते.

मागे राहिलेलं काम

अहवाल आला, पण विधिमंडळाला कायमचा हक्क मिळाला नाही. मार्गदर्शक तत्त्वं अॅटर्नी जनरलची आहेत. तो ती बदलू शकतो, आणि ती मोडली म्हणून आरोपीला न्यायालयात कुठलाही हक्क मिळत नाही, असं त्यांच्यातच लिहिलेलं आहे. राज्यांमध्ये फ्लोरिडाने २००९ मध्ये खबऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी कायदा केला. टॅलाहासीत एका तरुणीला पोलिसांनी खबरी म्हणून सापळ्यात पाठवलं आणि तिचा खून झाला, त्यानंतरचा तो कायदा. पोलीस ठाण्यांना लेखी धोरण आणि प्रशिक्षण त्याने बंधनकारक केलं.

केंद्रीय पातळीवर दक्षिण बोस्टनचे प्रतिनिधी स्टीफन लिंच यांनी २०११ मध्ये विधेयक आणलं. बल्जर त्याच वर्षी जूनमध्ये सँटा मोनिकात सोळा वर्षांनी सापडला होता. विधेयकाची मागणी अशी होती की प्रत्येक केंद्रीय यंत्रणेने वर्षातून दोनदा काँग्रेसला कळवावं: खबऱ्यांनी केलेले गंभीर गुन्हे, परवानगीचे आणि बिनपरवानगीचे दोन्ही. खबऱ्याचं नाव द्यायचं नाही. २०१३ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. दोन्ही वेळा ते समितीकडे पाठवलं गेलं आणि तिथेच राहिलं.